तीव्र मेनिंजायटिसमध्ये हृदयालाही धोका

मेंदू व मज्जारज्जूच्या आवरणांना जिवाणूंच्या संसर्गामुळे सूज येणे म्हणजे जिवाणूजन्य मेनिंजायटिस. जागतिक आरोग्य संघटनेनुसार या आजाराच्या सुमारे सहापैकी एका रुग्णाचा मृत्यू होतो. उपचारांचा रोख मेंदूवर असला, तरी तीव्र आजारात हृदयालाही इजा पोहोचू शकते.

जिवाणू रक्तात पसरल्यास रक्तदाब कोसळतो आणि हृदयाची आकुंचनशक्ती मंदावते. मेनिंगोकॉकसच्या संसर्गात हृदयस्नायूंचा दाह होऊ शकतो. मेंदूवरील आघातामुळे अ‍ॅड्रेनालिनसारखी संप्रेरके अतिप्रमाणात स्रवूनही हृदय तात्पुरते दुर्बल होते. न्यूमोकॉकसमुळे न्यूमोनिया, मेनिंजायटिस व हृदयाच्या झडपेचा संसर्ग एकत्र होण्यास ‘ऑस्ट्रियन सिंड्रोम’ म्हणतात. अमेरिकी वैद्यकतज्ज्ञ रॉबर्ट ऑस्ट्रियन यांनी १९५७ मध्ये त्याचे वर्णन केले. या दुर्मीळ विकारात झडपेवर शस्त्रक्रियाही करावी लागू शकते.

धाप लागणे, अनियमित ठोके व घसरता रक्तदाब ही धोक्याची चिन्हे होत. ईसीजी, ट्रोपोनिन चाचणी व इकोकार्डिओग्राफीतून हृदयाची स्थिती कळते. दुर्बल हृदय असताना सलाइन जास्त दिले गेल्यास फुप्फुसांत पाणी साचू शकते. म्हणून ही माहिती उपचारांत महत्त्वाची ठरते. मात्र या तपासण्यांसाठी प्रतिजैविके देण्यास विलंब करता येत नाही.