पिशवीचे तोंड आणि कागदावरची रेघ

'बाई अडली', 'सुटका झाली', 'मोकळी झाली' ही प्रसूतीविषयीची आपली नित्याची क्रियापदे. त्यांच्यामागे एक चित्र आहे: गर्भपिशवीचे तोंड म्हणजे बंद दार आणि कळा म्हणजे त्यावरचे धक्के. वैद्यकातही गर्भाशयमुख हे आवळून धरणारे स्नायूंचे कडे असावे, असा समज रूढ होता. १९४७ मध्ये अमेरिकन प्रसूतितज्ज्ञ डेव्हिड डॅनफर्थ यांनी दाखवून दिले, की तेथे स्नायू अल्पच आहेत. हा भाग मुख्यतः कोलॅजेनच्या तंतूंनी विणलेला आहे.

म्हणजे हे दार ढकलून उघडत नाही, आधी ते मऊ व्हावे लागते. हे मार्दव गरोदरपणाच्या आरंभापासूनच येऊ लागते, तरी मुख मिटलेलेच राहते. दिवस भरत आले की कोलॅजेनची वीण सैल पडते, ऊतींत पाणी आणि हायलुरॉनिक आम्ल वाढते, प्रोस्टाग्लँडिने या बदलाला गती देतात. मग तीन-चार सेंटिमीटर लांबीची ती ग्रीवा आखूड व पातळ होते आणि कळांबरोबर दहा सेंटिमीटरपर्यंत उघडते. इंग्रजी वैद्यकात या पूर्वतयारीला फळाच्या पिकण्याचा शब्द आहे. तो यथार्थ वाटतो.

पुढे या पिकण्याला घड्याळ लागले. न्यूयॉर्कमध्ये इमॅन्युएल फ्रीडमन यांनी १९५५ मध्ये पाचशे पहिलटकरणींच्या नोंदींवरून प्रसूतीच्या वेगाचा आलेख मांडला. १९७२ मध्ये फिल्पॉट आणि कासल यांनी तत्कालीन ऱ्होडेशियात, म्हणजे आजच्या झिंबाब्वेत, अशा आलेखावर ताशी एक सेंटिमीटरची सावधतेची रेघ ओढली आणि तिच्यापुढे चार तासांवर कृतीची. हेतू निखळ होता. अडलेल्या प्रसूतीत मायलेकरू दोघेही दगावू शकतात. अशी बाई दूरच्या दवाखान्यातील सुईणीला वेळेत ओळखता यावी आणि मोठ्या रुग्णालयात पाठवता यावी.

परंतु मदतीची वेळ सांगणारी रेघ हळूहळू निकष बनली. मागे पडणारीच्या कागदावर 'प्रगती नाही' असा शेरा येऊ लागला. पाठोपाठ कळा वाढवण्याचे औषध, कधी शस्त्रक्रिया. २०१० मध्ये अमेरिकेतील ६२,४१५ सुखरूप प्रसूतींच्या अभ्यासातून दिसले, की चारावरून पाच सेंटिमीटरला पोचायला सहा तासांहूनही अधिक लागू शकतात. २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही मान्य केले, की ताशी एक सेंटिमीटर हा वेग काही स्त्रियांसाठी अवास्तव आहे; केवळ तेवढ्यावरून हस्तक्षेप करू नये.

साहित्याच्या अभ्यासकाला हा प्रवास अपरिचित नाही. उपलब्ध काव्यावरून लक्षणे बांधायची आणि मग लक्षणांत न बसणारी कविता सदोष ठरवायची, हे आपणही केले आहे. फरक इतकाच, की तेथे कविता दूषणाची धनी होते आणि येथे वेणा सोसणारी बाई. रेघ हवीच, तिने अडलेलीला ओळखावे. मात्र जिला केवळ अधिक वेळ हवा आहे, तिला 'अडली' म्हणण्याची घाई त्या रेघेने करू नये.