डोली, दोर आणि खांदेकरी

अहिल्यानगर जिल्ह्याचे, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरचे, नाव निघाले की दुष्काळी पठार, साखर कारखाने, शिर्डी आणि शहरातला भुईकोट किल्ला डोळ्यांपुढे येतो. जिल्ह्याच्या पश्चिम टोकाचा अकोले तालुका मात्र या चित्रात बसत नाही. १,६४६ मीटर उंचीचे कळसूबाई शिखर, रतनगड, हरिश्चंद्रगड, साम्रद गावाजवळची सांदण दरी ही सारी ठिकाणे या तालुक्यात किंवा त्याच्या सीमेवर आहेत. या भागात आधी गिर्यारोहक येऊ लागले, मागून हौशी पर्यटकांची गर्दी आली आणि गर्दीबरोबर अपघातही वाढले. अपघाताची बातमी छापून येते. पण जखमी माणूस कड्यापासून रुग्णवाहिकेपर्यंत कसा पोहोचला, हे त्या बातमीत ‘स्ट्रेचरवरून खाली आणले’ एवढ्यावर आटोपते. या एका वाक्यामागे मोठा इतिहास आहे. त्याचा एक धागा परदेशातील आरमार, खाणी आणि गिर्यारोहण संस्थांकडे जातो, तर दुसरा आपल्याच डोंगरी वाड्यांतील डोलीकडे. पहिल्या धाग्याची नोंद पुस्तकांतून सापडते, दुसऱ्याची जवळजवळ नाही. जखमीच्या जगण्या-मरण्याचा हिशेब मात्र दोन्हींवर सारखाच अवलंबून असतो.

डोलीची विद्या

रस्ता न पोहोचलेल्या वाडीतून आजारी माणूस किंवा अडलेली बाळंतीण खाली आणायची, तर एक मजबूत बांबू, घोंगडी किंवा चादर आणि चार-सहा खांदे एवढेच साहित्य लागते. चादरीची दोन टोके बांबूला बांधली की झोळी झाली. बाज दोराने बांबूला टांगली की डोली झाली. सह्याद्री आणि सातपुड्याच्या दुर्गम भागांत हे साधन अजूनही वापरात आहे.

हे साधन वाटेला साजेसे आहे. डोंगरातली पाऊलवाट एका माणसापुरती असते. एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला उतार आणि मध्ये वीतभर सपाटी. सहा माणसांनी दोन्ही बाजूंनी धरायचे स्ट्रेचर अशा वाटेवर मावत नाही. बांबूची डोली मावते, कारण तिचे खांदेकरी पुढे-मागे एका ओळीत चालतात. उतारावर रुग्णाचे पाय पुढे ठेवावेत, चढावर डोके पुढे ठेवावे, पुढच्याने अडथळा दिसताच आवाज द्यावा, खांदा भरून येण्याआधी बदली घ्यावी, हे नियम कोणत्याही प्रशिक्षण पुस्तिकेत शोभतील. डोंगरी माणसे ते आधीपासून पाळत आली आहेत.

डोलीची मर्यादाही तितकीच स्पष्ट आहे. झोळीत शरीर धनुष्यासारखे वाकते. ताप आलेल्याला ते चालते. पण पाठीचा कणा दुखावला असेल किंवा मांडीचे हाड मोडले असेल, तर प्रत्येक हेलकावा इजा वाढवतो. छातीला मार असेल तर श्वास कोंडतो. नेमक्या या मर्यादेवर उत्तर शोधताना आधुनिक स्ट्रेचर घडत गेले.

बांबूच्या पट्ट्या आणि जहाजाचे जिने

इंग्रजांच्या हिंदी फौजेत जखमींना वाहण्यासाठी डोल्या आणि त्यांचे कहार असत. आपला ‘डोली’ हा शब्द ‘डूली’ होऊन इंग्रजी लष्करी कागदपत्रांत शिरला तो त्यामुळेच. बोअर युद्धात गांधीजींनी उभारलेल्या नाताळमधील भारतीय शुश्रूषा पथकात सुमारे १,१०० माणसे होती. त्यांतील बहुसंख्य गिरमिटिया मजूर होते. जानेवारी १९०० मधील स्पियाँ कॉपच्या लढाईच्या सुमारास या पथकाने जखमींना स्ट्रेचरवरून दिवसाला २० ते २५ मैलांपर्यंत वाहून नेले. गांधीजींचे नाव सर्वांना ठाऊक आहे, खांदे देणाऱ्या शेकडो मजुरांची नावे ठाऊक नाहीत.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जहाजांनी एक वेगळाच प्रश्न पुढे आणला. इंजिनघरातला जखमी खलाशी अरुंद, उभ्या जिन्यातून वर कसा काढायचा? ब्रिटिश आरमारातील डॉक्टर नील रॉबर्टसन यांनी जपानी बांबूच्या साधनावरून कल्पना घेऊन जाड कॅनव्हासमध्ये बांबूच्या पट्ट्या शिवल्या. रुग्णाला त्यात गुंडाळून पट्टे आवळले की तो ताठ राहतो, आणि दोराने उभा वर ओढता येतो. पुढे खाणींतही हे स्ट्रेचर वापरले गेले. त्याच सुमारास अमेरिकी आरमारातील चार्ल्स स्टोक्स यांच्या नावाने धातूच्या चौकटीचे, टोपलीसारखे स्ट्रेचर प्रचारात आले. आजच्या दोर-बचावातील टोपली-स्ट्रेचर हे त्याचेच वंशज. पहिले साधन सांदणसारख्या चिंचोळ्या घळीत उपयोगी, दुसरे मोकळ्या कड्यावर. त्यातही बांबू आहे, हे आपल्याकडे लक्षात घेण्यासारखे आहे.

लॅडोच्या खडकांवरचा धडा

१९२८ मध्ये इंग्लंडमधील लॅडो येथील खडकांवरून एडगर प्रायर नावाचा गिर्यारोहक पडला आणि त्याच्या मांडीचे हाड मोडले. जवळच्या दिशादर्शक खांबाचे लाकूड वापरून तात्पुरते स्ट्रेचर केले गेले आणि खडबडीत माळरानावरून तासन् तास वाहत त्याला खाली आणले. वेदनाशामक काहीच नव्हते. पुढे त्याचा पाय कापावा लागला. त्याच्यावर उपचार करणारे मँचेस्टरचे शल्यविशारद विल्सन हे यांचे मत पडले की, पडण्याने झाली त्याहून अधिक हानी त्या वाहतुकीने केली.

या एका घटनेतून तेथील गिर्यारोहण संस्थांनी समिती नेमली. युस्टेस थॉमस यांनी डोंगरासाठी वेगळे स्ट्रेचर घडवले. खाली घसरण्यासाठी धावपट्ट्या आणि लांब करता येणाऱ्या मुठी ही त्याची वैशिष्ट्ये. डॉ. हे यांनी बचाव पथकांना मॉर्फिन पुरवले. कायद्याने तशी मुभा नव्हती, म्हणून १९४९ मध्ये त्यांना दंड झाला. त्यानंतर मात्र बचाव चौक्यांना मॉर्फिन बाळगण्याची परवानगी मिळाली.

दोराची बाजू आल्प्समध्ये विकसित झाली. १९५७ मध्ये आयगर शिखराच्या उत्तर भिंतीवर अडकलेल्या क्लाउडिओ कोर्तीला वाचवण्यासाठी आल्फ्रेड हेलेपार्ट पोलादी तारेवरून ३०० मीटरहून अधिक खाली उतरला आणि त्याला पाठीवर घेऊन वर आला. वर तार ओढायला अनेक देशांतून जमलेली माणसे होती. नायलॉनच्या गाभ्यावर विणलेले वेष्टण असलेला कर्नमँटल दोर १९५३ पासून मिळू लागला आणि पुढे पोलादी तारेची जागा त्याने घेतली.

दोराचे गणित

कड्यावरून स्ट्रेचर हलवताना दोन स्वतंत्र दोर वापरतात. मुख्य दोर भार घेतो, सुरक्षा दोर मुख्य दोर निकामी झाला तरच भार घेण्यासाठी असतो. दोन्हींचे आधार शक्यतो वेगवेगळ्या खडकांवर घेतात. स्ट्रेचरबरोबर एक साहाय्यक दोराला लटकतो. स्ट्रेचर कड्याला घासू न देणे, रुग्णाशी बोलत राहणे आणि त्याच्या श्वासावर लक्ष ठेवणे ही त्याची कामे. रुग्ण, साहाय्यक आणि स्ट्रेचर मिळून भार सहज १७०–१८० किलोपर्यंत जातो.

हा भार खाली सोडणे तुलनेने सोपे, वर ओढणे अवघड. कप्प्यांची तिप्पट लाभ देणारी रचना केली, तर कागदावर १८० किलोसाठी ६० किलोचे ओढणे पुरते. पण रुग्णाला एक मीटर वर आणायला तीन मीटर दोर ओढावा लागतो आणि कड्याच्या ओठावर दोर घासला की घर्षण बराच लाभ खाऊन टाकते. म्हणून ओठावर दोराखाली संरक्षक आवरण किंवा रूळ ठेवतात. स्ट्रेचर ओठावरून पलीकडे नेण्याची काही मिनिटे सर्वांत धोक्याची असतात. कणा दुखावलेल्याला आडवे ठेवणे उत्तम, पण चिंचोळ्या जागी उभे करण्यावाचून इलाज नसतो. सह्याद्रीच्या बेसॉल्टमध्ये सुटे दगड आणि घसारा फार असल्यामुळे रुग्णालाही हेल्मेट घालावेच लागते.

तीन जिल्ह्यांचा डोंगर

हे सारे हरिश्चंद्रगडावर ठेवून पाहावे. माथा आणि पाचनईची वाट अहिल्यानगर जिल्ह्यात, खिरेश्वरहून टोलार खिंडीतून येणारी वाट पुणे जिल्ह्यातून, तर कोकणकड्याच्या तळाचे बेलपाडा ठाणे जिल्ह्यात. कड्याच्या मध्यावर अडकलेल्या जखमीला वर ओढले तर तो एका जिल्ह्याच्या हवाली होतो, खाली सोडले तर दुसऱ्या. रुग्णवाहिका कुठे बोलवायची, हे दोराची दिशा ठरल्यावरच ठरते.

नोव्हेंबर २०१८ मध्ये गिर्यारोहकांचा एक गट कोकणकड्यावर अडकला आणि त्यांनी रात्र कड्यावरच काढली. बचाव पथकांच्या मदतीने दुसऱ्या दिवशी त्यांची सुटका झाली. १८ जानेवारी २०२० रोजी याच कड्यावर रॅपलिंग करताना ज्येष्ठ गिर्यारोहक अरुण सावंत यांचा मृत्यू झाला. सह्याद्रीच्या वाटा उभ्या आयुष्यात धुंडाळलेला हा माणूस होता. अनुभव मोठा असला तरी कडा सवलत देत नाही, हे त्या दिवशी सर्वांना कळले. ऑगस्ट २०२३ मध्ये तर कोणी कड्यावरून पडलेही नव्हते. पावसाच्या धुक्यात वाट चुकलेल्या तरुणांपैकी एकजण गारठ्याने दगावला. भिजलेल्या माणसाला स्ट्रेचरवर निश्चल बांधले की त्याच्या शरीराचा ताप आणखी झपाट्याने उतरतो. कोरडे पांघरूण आणि वरून पाणी न लागू देणारे आवरण हा म्हणूनच स्ट्रेचरचाच भाग मानला पाहिजे.

कड्यावरचे काम संपले तरी पाचनईपर्यंतची उतरण उरतेच, आणि गावापासून राजूरचे ग्रामीण रुग्णालय पुन्हा दूर. २०१४ पासून राज्यात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा सुरू आहे. पण तिची हद्द डांबरी रस्त्यापाशी संपते. सहा ते आठ माणसे एका वेळी आणि बदलीला तितकीच दोन पथके धरली, तर एका रुग्णामागे वीसेक माणसे लागतात. पुण्या-मुंबईहून पथक पोहोचायला काही तास जातात. तोवर जे खांदे हजर असतात, ते पाचनई, बेलपाडा, साम्रद, बारी अशा गावांतलेच.

घाटातली कसोटी

लोणावळ्याचे शिवदुर्ग मित्र, खोपोलीचे यशवंती हायकर्स, महाबळेश्वर ट्रेकर्स अशा स्वयंसेवी संस्थांनी ही विद्या महाराष्ट्रात रुजवली. २८ जुलै २०१८ रोजी दापोलीच्या कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची बस आंबेनळी घाटात कोसळली. एकच जण वाचला. बाकीच्यांचे मृतदेह गिर्यारोहकांनी दोर लावून वर काढले. १५ एप्रिल २०२३ च्या पहाटे बोरघाटात शिंगरोबा मंदिराजवळ गोरेगावच्या झांज पथकाची बस दरीत पडली. १३ जण गेले, पण दोर आणि स्ट्रेचरवरून वर आणलेले अनेक जखमी वाचले. खोपोली आणि लोणावळ्याची पथके हाकेच्या अंतरावर होती, हे या यशाचे मोठे कारण. घाटाची वाट इंग्रजांना शिंगरोबा नावाच्या धनगराने दाखवली, अशी दंतकथा आहे. वाट माहीत असणाऱ्या स्थानिक माणसाची अशी आठवण आपल्याकडे क्वचितच उरते.

बोरघाटात जे घडले ते हरिश्चंद्रगडावर घडवायचे, तर अंतर कमी करावे लागेल. तळच्या प्रत्येक गावात एक घडीचे स्ट्रेचर, मानेचा पट्टा, कोरडी पांघरुणे आणि हेल्मेट असावीत. गावातील वीस-पंचवीस तरुणांना दरवर्षी उजळणी, त्यांना विमा आणि बुडालेल्या दिवसाची मजुरी मिळावी. पर्यटकांकडून जे शुल्क गावोगाव गोळा होते, त्यातला छोटा वाटाही यासाठी पुरेल. तिन्ही जिल्ह्यांच्या प्रशासनाने एकत्र बसून, कोणत्या कड्यावरचा जखमी कोणत्या बाजूला उतरवायचा, हे आधीच कागदावर आणावे.

आणि प्रत्येक बचावाची नोंद ठेवावी: किती वाजता निरोप आला, किती माणसांनी किती वेळ वाहिले, रुग्ण कोणत्या अवस्थेत रस्त्याला लागला. एका प्रायरच्या पायाची नीट चौकशी झाली म्हणून इंग्लंडला डोंगरी स्ट्रेचर मिळाले. आपल्याकडे अपघात कमी नाहीत, डोली वाहण्याचे कसबही कमी नाही. त्या नोंदवहीत खांदेकऱ्यांची नावेही लिहिली जावीत.