नेहरूंची अचकन आणि तिचा शिंपी : एक ऐतिहासिक शोध

प्रस्तावना :
इतिहासात वस्त्र परिधान करणाऱ्याचे नाव टिकते. शिवणाऱ्याचे बहुधा मागे पडते. पंडित जवाहरलाल नेहरूंची अचकन हे याचे ठळक उदाहरण होय. केडगावपासून काही किलोमीटरवर असलेल्या अहमदनगरच्या (आजचे अहिल्यानगर) भुईकोट किल्ल्यात नेहरू ऑगस्ट १९४२ ते मार्च १९४५ या काळात स्थानबद्ध होते. तेथेच १९४४ साली त्यांनी ‘दि डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ हा ग्रंथ लिहिला. या ग्रंथकाराच्या पोशाखामागील हातांचा शोध प्रस्तुत लेखात घेतला आहे.

वेशांतर आणि दंतकथा :
१९१२ साली बॅरिस्टर होऊन परतलेले नेहरू विलायती पोशाख वापरीत. असहकार चळवळीच्या काळात त्यांनी खादी स्वीकारली. तरीही नेहरू घराण्याचे कपडे धुण्यासाठी पॅरिसला जातात, ही वदंता पसरलीच. १९३६ च्या आत्मचरित्रात नेहरूंनी तिचे स्पष्ट खंडन केले. तथापि ती दीर्घकाळ सांगितली जात राहिली.

सूत आणि शिलाई :
सूत कातणाऱ्याची नोंद मात्र राहिली. मार्च १९४२ मध्ये इंदिरा गांधींनी विवाहात नेसलेली साडी नेहरूंनी तुरुंगात कातलेल्या सुताची होती. अचकनीच्या संदर्भात आठवणीपर लेखनातून दिल्लीचे शिंपी मुहम्मद उमर यांचे नाव पुढे येते. त्यांच्या कलेचे मोल कापडाच्या स्वभावावरून कळते. हातसुताची खादी एकसारखी नसते आणि धुतल्यावर आटते. अचकन तर छातीशी घट्ट, उभ्या गळपट्टीची आणि गुडघ्यापर्यंत सरळ उतरणारी हवी. अशा कापडातून असा नेमका बेत साधणे हे कसबी कारागिराचेच काम होय.

नाव कोणाचे ?
पाश्चात्त्य देशांत १९६० च्या दशकात ‘नेहरू जाकीट’ लोकप्रिय झाले. ते अचकनीचे आखूड रूप होते. महाराष्ट्रात तर बिनकॉलरचा सैल सदरा ‘नेहरू शर्ट’ म्हणून रूढ झाला आणि गावोगावच्या शिंप्यांनी तो शिवला.

निष्कर्ष :
पुढाऱ्याचे नाव कपड्याला मिळाले, धुलाईची खोटी कथाही टिकली. शिवणाऱ्याचे नाव मात्र आठवणींच्या एका कोपऱ्यात राहिले. स्वावलंबनाचे प्रतीक ठरलेल्या या वेशाचा इतिहास कातणारा, विणकर आणि शिंपी यांच्या श्रमांसह लिहिला गेला, तरच तो पूर्ण होईल.