खारे पाणी, रेशनचा गहू आणि आपले ताट

डिसेंबर 2024 च्या अखेरीस बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांतील लोकांचे केस अचानक गळू लागले. आधी डोके खाजायचे, मग केस हातात यायचे आणि काही दिवसांतच टक्कल पडायचे. सुरुवातीला बुरशीचा संसर्ग असावा अशी शंका होती. पाणी तपासले तेव्हा क्षार आणि नायट्रेट जास्त आढळले. पुढे महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी गावांतील गहू तपासला. रेशनच्या गव्हात सेलेनियमचे प्रमाण फार जास्त आहे आणि बाधितांच्या शरीरात जस्त कमी आहे, असा निष्कर्ष त्यांनी मांडला. 18 गावांतील 279 बाधितांची नोंद त्यांनी दिली.

सेलेनियम शरीराला लागते, पण अगदी कमी, दिवसाला सुमारे 55 मायक्रोग्रॅम. ते फार वाढले की केस आणि नखे गळतात. म्हणजे इथे कुणी चैनीचे काही खाल्ले नव्हते. रोजच्या पोळीचाच हा प्रश्न होता.

पाणी

पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांत पसरला आहे. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद या तालुक्यांतील अनेक गावांचे भूजल खारट आहे. किडनीच्या आजाराने घरातली कर्ती माणसे गेल्याचे इथली कित्येक कुटुंबे सांगतात.

पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरमागे 500 मिलिग्रॅमपर्यंत असावेत, दुसरा स्रोतच नसेल तर 2000 पर्यंत चालतील, असे भारतीय मानक सांगते. नायट्रेटची मर्यादा 45 मिलिग्रॅम असून तिच्यात सूट नाही. पाणी उकळल्याने जंतू मरतात, पण क्षार आणि नायट्रेट जात नाहीत. उलट पाणी आटते आणि त्यांचे प्रमाण वाढते. तुरटीनेही ते निघत नाहीत. नायट्रेटचे पाणी तान्ह्या बाळाच्या वरच्या दुधात वापरू नये, कारण त्यामुळे बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटते.

ताट

जड पाण्यात डाळ लवकर शिजत नाही, म्हणून खायचा सोडा टाकला जातो. त्यातून सोडियम पोटात जाते. पाण्यातले मीठ, ठेचा, लोणचे आणि पापड यांची भर वेगळीच. दिवसभरात सगळे मिळून 5 ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाच्या एका चमच्याहून कमी मीठ असावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. डाळ आधी भिजत घातली तर सोडा लागत नाही.

धान्य एकाच पोत्यातले असेल तर त्यातला दोषही रोज पोटात जातो. आठवड्यात काही दिवस ज्वारीची भाकरी, सोबत मूग, तूर, आंबाडी, शेवगा असले की ताट एका धान्यावर अवलंबून राहत नाही.

गोळी आणि पुडी

शेतात राबून अंग दुखते आणि दुकानातून दुखण्याची गोळी आणली जाते. डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या डॉक्टरांना न विचारता वारंवार घेतल्या तर किडनीला इजा होते. उन्हात घाम गाळून, पाणी कमी पिऊन त्या घेणे तर आणखी घातक. गुटख्यावर राज्यात 2012 पासून बंदी आहे, तरी पुडी सुटलेली नाही. सुपारीने तोंड उघडेनासे होते, तंबाखूने कर्करोग होतो. पाचवे शील घेऊन दारू सोडलेल्या माणसाने पुडीही सोडली पाहिजे.

धम्म काय सांगतो

कोसलचा राजा प्रसेनजित फार जेवायचा आणि धापा टाकायचा. तथागतांनी त्याला मात्रा ओळखून जेवण्याचा उपदेश केला. राजाने तो उपदेश रोज जेवताना ऐकवण्याचे काम एका तरुणाला दिले आणि हळूहळू आहार कमी केला. ही कथा संयुत्त निकायात आहे.

पण प्रसेनजितासमोर निवड होती. बोंडगावच्या मजुरासमोर रेशनचा गहू आणि गावचे पाणी याशिवाय काय होते? 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्याले, तो पाण्यावरच्या हक्काचा लढा होता. आज नळ आपल्या वस्तीत आला असेल, तर त्यातून काय येते हे विचारणे हा त्याच लढ्याचा पुढचा भाग आहे. संयम आपण पाळायचा, पण शुद्ध पाणी आणि तपासलेले धान्य शासनाने द्यायचे. एकाचे नाव पुढे करून दुसऱ्याला सुटका नाही.

कार्यकर्त्यांनी काय करावे

- जलजीवन मिशनमध्ये गावातील महिलांना पाणी तपासणीचे प्रशिक्षण आणि संच देण्याची तरतूद आहे. आपल्या गावचा संच कुठे आहे, ते ग्रामपंचायतीत विचारा.
- वस्तीतील हातपंप, विहीर आणि जारच्या पाण्याचे नमुने प्रयोगशाळेत द्या. निकाल विहाराच्या फलकावर लावा.
- रेशनच्या धान्याबाबत शंका आली तर नमुना जपून ठेवा आणि दक्षता समितीकडे लेखी तक्रार द्या. पोच घ्या.
- विहारात रक्तदाब, साखर आणि क्रिएटिनिन तपासणीचे शिबिर ठेवा. किडनीचा आजार सुरुवातीला दुखत नाही, तपासणीतच दिसतो.

येत्या पौर्णिमेला वंदनेनंतर अर्धा तास या विषयाला द्या. एका बाटलीत वस्तीचे पाणी घेऊन या. सुरुवात तिथून होईल.