मेघनाद साहा : ताऱ्यांचे गणित आणि दामोदरचा पूर

६ ऑक्टोबर आला की आपल्या ग्रुपांवर मेघनाद साहांचा फोटो फिरतो आणि खाली लिहिलेले असते, 'महान दलित शास्त्रज्ञ'. भावना समजू शकते; पण माहिती चुकीची आहे. साहा हे बंगालमधील शुंडी, म्हणजे परंपरेने दारू गाळणाऱ्या जातीतले. पश्चिम बंगालच्या अनुसूचित जातींच्या यादीत शुंडी आहेत, पण 'साहा वगळून'. चळवळीच्या माणसाने असा तपशील गाळू नये.

तरीही जात त्यांना चुकली नाही. १८९३ साली ढाक्याजवळच्या शेवडातली गावात, एका किरकोळ दुकानदाराच्या घरी त्यांचा जन्म झाला. पुढच्या शाळेसाठी ते काही मैलांवरच्या गावी एका डॉक्टरांकडे राहिले. तिथे गाईची देखभाल करायची आणि स्वतःचे ताट स्वतः धुवायचे, ही अट होती. १९११ साली कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात गेले, तर ईडन हिंदू हॉस्टेलमध्ये सवर्ण मुलांनी त्यांच्यासोबत पंगतीला बसायला नकार दिला. सरस्वतीपूजेच्या वेळी त्यांना ओट्यावर चढू दिले नाही. गणितात चमकणारा मुलगा विद्येच्या देवीला चालला नाही! अनुसूचित नसलेल्या जातीची ही गत, तर नमःशूद्रांच्या पोरांचे काय होत असेल, याचा अंदाज करा.

१९२० साली याच माणसाने आयनीभवनाचे समीकरण मांडले. ताऱ्यांच्या प्रकाशाचे पृथक्करण केले की वेगवेगळ्या ताऱ्यांत वेगवेगळ्या रेषा दिसत. त्यांचा अर्थ लागत नव्हता. साहांनी दाखवले की तापमान आणि दाब यांनुसार अणूंतले इलेक्ट्रॉन सुटतात, आणि त्यावरून कोणत्या रेषा दिसणार हे ठरते. म्हणजे रेषा पाहून ताऱ्याचे तापमान काढता येते. १९२५ साली सेसिलिया पेन या तरुणीने याच समीकरणाच्या आधारे तारे मुख्यतः हायड्रोजनचे बनलेले आहेत हे दाखवले. १९२७ साली साहा रॉयल सोसायटीचे फेलो झाले.

इथवरचे बहुतेक लेखांत येते. आपल्यासाठी खरा भाग पुढे आहे. साहा १९१३ साली, विद्यार्थी असताना, दामोदरच्या पूरग्रस्तांसाठी काम करायला गेले होते. पूर म्हणजे काय हे त्यांनी चिखलात उभे राहून पाहिले होते. १९३५ साली 'सायन्स अँड कल्चर' हे मासिक काढून ते नद्या, वीज, उद्योग यांवर सतत लिहीत राहिले. १९४३ साली दामोदरला पुन्हा मोठा पूर आला, रेल्वेमार्ग तुटला. बर्दवानच्या महाराजांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. साहा तिचे सदस्य होते. अमेरिकेतील टेनेसी खोऱ्यासारखे स्वतंत्र प्राधिकरण हवे, असे समितीने सुचवले.

त्या वेळी व्हाइसरॉयच्या मंडळात श्रम खाते कोणाकडे होते? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे, आणि सिंचन व वीज हे विषय त्याच खात्यात येत. ३ जानेवारी १९४५ रोजी कलकत्त्यात झालेल्या परिषदेचे अध्यक्ष बाबासाहेब होते. नुसता पूर अडवणारा बांध नको. वीज, सिंचन, जलवाहतूक असा बहुउद्देशीय प्रकल्प हवा, हा त्यांचा आग्रह होता. १९४८ साली दामोदर खोरे महामंडळ स्थापन झाले. 'आधुनिक भारताची मंदिरे' हे शब्द सगळ्यांच्या लक्षात राहिले. त्यामागे ताट वेगळे धुतलेला एक आणि वर्गाबाहेर बसवलेला एक, अशी दोन माणसे होती हे राहिले नाही. (धरणांखाली संथाळांच्या जमिनी गेल्या, हेही त्याच इतिहासात लिहायला हवे.)

साहा आंबेडकरवादी नव्हते, त्यांना ओढूनताणून तसे करू नये. पण हाताने काम करणाऱ्याला हीन ठरवून या समाजाने डोके आणि हात यांची फारकत केली, हे ते स्पष्ट बोलत. 'सगळे वेदांत आहे' या दाव्याची त्यांनी बंगाली मासिकात खिल्ली उडवली, तीही वेद वाचून. १९५२ साली ते कलकत्त्यातून अपक्ष म्हणून लोकसभेवर निवडून आले. त्याच निवडणुकीत मुंबईत बाबासाहेब पडले.

पंचांग सुधारणा समितीचे अध्यक्षही साहाच होते. सूर्य उत्तरेकडे वळतो २२ डिसेंबरच्या सुमारास आणि आपण संक्रांत करतो १४ जानेवारीला, हा सुमारे २३ दिवसांचा घोळ त्यांनी आकडेवारीने मांडला. पंचांगवाल्यांनी ऐकले नाही. आकाशवाणीवर 'भारतीय सौर' अशी तारीख ऐकू येते, ती त्याच समितीची देणगी.

१६ फेब्रुवारी १९५६ रोजी दिल्लीत नियोजन आयोगाच्या कार्यालयाकडे जाताना साहा वाटेतच हृदयविकाराने कोसळले. त्याच वर्षी डिसेंबरात बाबासाहेब गेले. सौर दिनदर्शिका लागू झाली ती २२ मार्च १९५७ रोजी, १ चैत्र १८७९ या तारखेने.