परानुकंपी तंत्रास उत्तेजित करणारी द्रव्ये : एक ऐतिहासिक आढावा

परानुकंपी तंत्रिका तंत्र हृदयाची गती मंद करते, डोळ्याची बाहुली आकुंचित करते व लाळेचे स्रवण वाढविते. हा संदेश रासायनिक द्रव्यामार्फत पोहोचतो, हे ऑटो लोवी यांनी १९२१ मध्ये बेडकाच्या हृदयावरील प्रयोगातून दाखविले. ते द्रव्य पुढे ॲसिटिलकोलिन ठरले.

या तंत्रास उत्तेजित करणारी औषधे दोन प्रकारची आहेत. पायलोकार्पिन ग्राहींवर थेट कार्य करते. फायसोस्टिग्मिन ॲसिटिलकोलिनचे विघटन करणाऱ्या विकरास रोखते. पश्चिम आफ्रिकेतील कॅलाबार बियांमधील हे दुसरे द्रव्य १८७० च्या दशकात काचबिंदूवर वापरात आले.

१९३० च्या दशकात जर्मनीत गेरहार्ड श्राडर यांनी कीटकनाशकांच्या शोधात तयार केलेली सेंद्रिय फॉस्फरस संयुगे त्याच विकरास दीर्घकाळ निकामी करतात. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना झालेल्या विषबाधेत २० हून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. फवारणीच्या मिश्रणांत प्रोफेनोफॉस हे याच गटातील द्रव्यही होते. अशा विषबाधेत ॲट्रोपिन ग्राही अडवून प्राण वाचविते.

सारांश, औषध व विष यांची यंत्रणा एकच आहे. भेद मात्रेचा व संरक्षणाचा आहे. मात्रा रुग्णालयात मोजली जाते. शेतात मात्र हातमोजे व मुखपट्टीही अनेकदा नसते.