मुंबई योजना
भारताच्या आर्थिक विकासासाठी आठ उद्योगपती व अर्थतज्ञ यांनी १९४४ मध्ये मांडलेली पंधरा वर्षांची योजना. ‘टाटा-बिर्ला योजना’ या नावानेही ती ओळखली जाते. पुरुषोत्तमदास ठाकुरदास, जे. आर. डी. टाटा, घनश्यामदास बिर्ला, अर्देशीर दलाल, श्रीराम, कस्तुरभाई लालभाई, ए. डी. श्रॉफ व जॉन मथाई हे तिचे कर्ते होत.

दरडोई उत्पन्न दुप्पट करणे हे योजनेचे उद्दिष्ट असून तीसाठी १०,००० कोटी रु. खर्च अपेक्षिला होता. पैकी ४,४८० कोटी रु. उद्योगांसाठी, तर १,२४० कोटी रु. शेतीसाठी होते. ३,४०० कोटी रु. नवीन चलननिर्मितीतून उभारावयाचे असल्याने भाववाढ अटळ ठरेल, अशी टीका झाली.

खाजगी उद्योगाच्या धुरीणांनीच मूलोद्योगांना अग्रक्रम व अर्थव्यवस्थेवर शासकीय नियंत्रण यांचा पुरस्कार केला, हे योजनेचे वैशिष्ट्य होय. विकासास लागणारे प्रचंड भांडवल व संरक्षण राष्ट्रीय सरकारच पुरवू शकेल, ही त्यामागील भूमिका होती. १९४४ मध्येच दलाल यांची व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात नियोजन व विकास खात्याचे सदस्य म्हणून नेमणूक झाली.

स्वातंत्र्योत्तर सरकारने ही योजना अधिकृतपणे स्वीकारली नाही. तथापि नियोजन व मूलोद्योगांवरील भर या कल्पना पुढील धोरणातही आढळतात. मात्र नियोजनाची सूत्रे शासनाकडेच राहिली. नियोजन आयोगाच्या अधिकारांबाबतच्या मतभेदांमुळे मथाई यांनी १९५० मध्ये अर्थमंत्रिपदाचा राजीनामा दिला. श्रॉफ यांनी १९५६ मध्ये मुक्त उद्योगाच्या प्रचारार्थ ‘फोरम ऑफ फ्री एंटरप्राइझ’ ही संस्था स्थापिली.